पोवळ्याचे घर आणि चुन्याची निवळी

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही एक साधा प्रयोग पाहिला असेल. परीक्षानळीत चुन्याची स्वच्छ निवळी घेतात. काचेच्या नळीने तिच्यात हळूहळू फुंकर घालतात. थोड्याच वेळात निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डाय ऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि चुनखडीचे बारीक कण तयार होतात. त्यामुळे निवळी दुधाळ दिसते. बहुतेक विद्यार्थी येथेच प्रयोग थांबवतात. पण फुंकर घालणे तसेच चालू ठेवले, तर आणखी एक चमत्कार दिसतो. दुधाळ झालेली निवळी हळूहळू पुन्हा स्वच्छ होते! जादा कार्बन डाय ऑक्साइड मिळाल्यामुळे चुनखडीचे कण पाण्यात विरघळून जातात.

म्हणजे एकाच परीक्षानळीत चुनखडी आधी तयार होते आणि नंतर विरघळते. ही छोटीशी गोष्ट लक्षात ठेवा. समुद्राच्या तळाशी उभ्या असलेल्या प्रचंड प्रवाळभित्तींचे जगणे याच गोष्टीवर अवलंबून आहे. आणि घरातल्या काचेच्या पेटीत प्रवाळ वाढवणाऱ्या माणसाला याच गोष्टीचा रोज हिशोब ठेवावा लागतो.

प्रवाळ म्हणजे काय?

उर्दूत ज्याला तुम्ही मूंगा किंवा मरजान म्हणता, त्यालाच मराठीत पोवळे किंवा प्रवाळ म्हणतात. दागिन्यांतील लाल पोवळे सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच्या नात्यातले इतर अनेक प्रवाळ उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रात राहतात. दिसायला ते कधी झाडाच्या फांदीसारखे, कधी फुलासारखे, तर कधी दगडासारखे असतात. परंतु प्रवाळ हे झाडही नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्राणी आहे. एका फांदीवर शेकडो लहान लहान प्राणी शेजारी शेजारी राहतात. अशा एका प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्याचे शरीर मऊ पिशवीसारखे असते आणि तोंडाभोवती बारीक संस्पर्शक असतात.

हा नाजूक प्राणी स्वतःसाठी चुनखडीचे पक्के घर बांधतो. त्यासाठी लागणारा माल तो समुद्राच्या पाण्यातूनच उचलतो. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. या अन्नाच्या बळावर घराचे बांधकाम वेगाने होते. जुन्या घरावर नवे घर, त्यावर आणखी नवे, असे हजारो वर्षे चालते आणि प्रवाळभित्ती उभी राहते. आपल्या देशातील लक्षद्वीपची बेटे अशाच प्रवाळांनी घडवलेली आहेत. आपल्या महाराष्ट्रातही मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आढळतात.

काचेच्या पेटीतील समुद्र

गोड्या पाण्यातील रंगीत माशांची काचपेटी तुम्ही पाहिली असेल. समुद्रातील प्रवाळ घरात जगवणे मात्र फार वर्षे कोणाला नीटसे जमत नव्हते. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आपली पद्धत लोकांपुढे मांडली. ते समुद्राचे पाणी आणि समुद्रातील जिवंत खडक पेटीत ठेवत आणि हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलते ठेवत. त्या खडकांवरील सूक्ष्म जीव पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम करीत. पुढे जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत हा छंद वाढला. आज तेथील अनेक घरांत प्रवाळांच्या पेट्या आहेत. तेथे प्रवाळाची एक छोटी फांदी तोडून ती दुसऱ्या पेटीत लावतात आणि तिच्यापासून नवा प्रवाळ वाढवतात. आपण गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी लावतो ना, तसेच.

परंतु या लोकांना एक अडचण आली. पाणी काचेसारखे स्वच्छ, दिवे प्रखर, मासे मजेत; तरीही काही महिन्यांनी प्रवाळांची वाढ थांबे आणि ते मरू लागत. असे का व्हावे? पाणी तर नितळ दिसत होते!

उत्तर सोपे आहे. पाणी स्वच्छ आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. त्यात काय विरघळलेले आहे आणि त्यातले काय संपले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. समुद्र एवढा विशाल आहे, की प्रवाळांनी कितीही माल उचलला तरी तो लगेच कमी पडत नाही. दोनशे लिटरच्या पेटीचे तसे नाही. तेथील साठा थोडा असतो आणि प्रवाळ तो रोज खर्च करतात.

ताणा आणि बाणा

प्रवाळाच्या घराला मुख्यतः दोन वस्तू लागतात. पहिली वस्तू कॅल्शियम. दुसरी वस्तू कार्बोनेट. या दोन्ही मिळून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दुसऱ्या वस्तूचे मोजमाप मात्र 'अल्कता' या नावाने करतात. पाण्यात आम्ल टाकले असता ते आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची जी क्षमता, तिला अल्कता म्हणतात. समुद्राच्या पाण्यात ही क्षमता मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येते. म्हणून अल्कता मोजली की घर बांधायला हा माल किती शिल्लक आहे, याचा अंदाज येतो. पेटी ठेवणारे लोक अल्कता जर्मन अंशांत मोजतात. समुद्राच्या पाण्याची अल्कता सुमारे साडेसहा ते सात अंश असते. पेटीत ती सात ते अकरा अंशांच्या दरम्यान आणि कॅल्शियम लिटरला ३८० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात.

येथे एक शंका येईल. सामू आणि अल्कता या दोन्ही एकच का? नाही. पाणी या क्षणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, हे सामू सांगतो. आम्ल पचवण्याची त्याची ताकद किती, हे अल्कता सांगते. जर्मनीत हिवाळ्यात घराच्या खिडक्या बंद असतात. खोलीत माणसे बसलेली असली की त्यांच्या उच्छ्वासातील कार्बन डाय ऑक्साइड हवेत वाढतो, पेटीतील पाण्यात उतरतो आणि सामू घसरतो. खिडकी उघडली की तो पुन्हा वर येतो. या सर्व वेळात अल्कता मात्र तेवढीच राहते. म्हणून केवळ सामू पाहून अल्कतेचा निष्कर्ष काढता येत नाही.

आता एक महत्त्वाचा हिशोब पाहू. प्रवाळाने कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणातच वापरायचे असतात. पाण्याची अल्कता २.८ अंशांनी कमी झाली, की त्याच वेळी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम कमी होते. हे प्रमाण चुनखडीच्या रचनेनेच ठरवून दिले आहे. त्यात बदल होत नाही.

समजा, पेटीत अल्कता ८ अंश आणि कॅल्शियम ४२० मिलिग्रॅम आहे. प्रवाळांनी काही दिवस माल उचलला. आता अल्कता ५.२ अंश झाली. ही घट फार मोठी आहे. तिसऱ्या हिश्शाहून अधिक साठा संपला. पण कॅल्शियम किती झाले? ४२० मधून २० गेले, म्हणजे ४००. कॅल्शियमचा आकडा पाहणाऱ्याला वाटेल की सर्व काही ठीक चालले आहे!

मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलांना हे पटकन समजेल. यंत्रमागावर कापड विणायला ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात. ताण्याचा बीम मोठा असतो, तो अनेक दिवस पुरतो. बाण्याची कांडी लहान असते, ती पुन्हा पुन्हा संपते. बीम भरलेला असला तरी कांडी संपताच विणकाम थांबते. म्हणून माग चालवणाऱ्या कारागिराचे लक्ष कांडीकडे असते. प्रवाळाच्या विणकामात कॅल्शियम हा ताणा आहे आणि अल्कता हा बाणा आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचा साठा गरजेच्या मानाने अल्कतेच्या साठ्यापेक्षा सुमारे आठ पट मोठा असतो. म्हणूनच जाणकार माणूस आधी अल्कता तपासतो.

थेंबांची मोजणी

अल्कता तपासण्याची रीत मोठी सोपी आहे. पेटीतले ठराविक पाणी लहान परीक्षानळीत घेतात. त्यात दर्शक घालतात. दर्शक म्हणजे रंग बदलून इशारा देणारे द्रव्य. मग त्यात सौम्य आम्ल थेंब थेंब घालतात आणि नळी हलवतात. पाण्यातील अल्कता संपेपर्यंत रंग तोच राहतो. ती संपताच रंग बदलतो; काही संचांत निळ्याचा पिवळा होतो. तोवर किती थेंब पडले, ते मोजायचे. कित्येक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश असतो.

आता एका पेटीचे उदाहरण घेऊ. पेटीत २०० लिटर पाणी आहे. बाहेरून काहीही न घालता सोमवारी अल्कता ८.४ अंश होती. गुरुवारी त्याच वेळी मोजली, तेव्हा ६.३ अंश निघाली. तीन दिवसांत २.१ अंश कमी झाले. म्हणजे रोजचा खर्च ०.७ अंश. २.८ अंशांना २० मिलिग्रॅम, तर ०.७ अंशाला ५ मिलिग्रॅम. तेव्हा रोज लिटरमागे ५ मिलिग्रॅम आणि २०० लिटरमध्ये १,००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम कॅल्शियम खर्च होते. त्यातून रोज अडीच ग्रॅम चुनखडी तयार होते. अडीच ग्रॅम म्हणजे चिमूटभरच! पण वर्षाचा हिशोब केला, तर ती नऊशे ग्रॅमच्या वर जाते. ज्या प्राण्याला आपण मऊ आणि दुबळा म्हणतो, त्याच्या समाजाचे हे एका वर्षाचे बांधकाम आहे.

हा खर्च भरून काढलाच पाहिजे. पेटीतील थोडे पाणी काढून नवे खारे पाणी घातले तर? प्रवाळ थोडे असतील, तर एवढ्याने भागते. पण आपल्या उदाहरणात आठवड्याला ४.९ अंश खर्च होतात. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले, तर त्यातून फार तर अर्धा अंश परत मिळेल. खर्च पाच रुपयांचा आणि जमा आठ आण्यांची! तेव्हा दुसरे उपाय करावे लागतात.

पहिला उपाय : चुन्याची निवळी

१९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी पेटीत चुन्याची निवळी घालण्याचा उपाय युरोपात प्रचारात आणला. होय, तीच निवळी, जी आपण शाळेत वापरतो! जर्मन भाषेत तिला 'काल्कवासर' म्हणतात. 'काल्क' म्हणजे चुना आणि 'वासर' म्हणजे पाणी.

पेटीतले पाणी रोज वाफ होऊन उडते. पाणी उडते, पण मीठ मागे राहते. म्हणून खारटपणा वाढू नये, यासाठी रोज गोडे पाणी घालावेच लागते. या गोड्या पाण्याऐवजी निवळी घातली की एकाच कामात दोन कामे होतात. निवळीतून कॅल्शियम मिळते. तिच्यातील दुसरा घटक पाण्यातील कार्बन डाय ऑक्साइडशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो आणि अल्कता वाढवतो. विशेष म्हणजे प्रवाळाला ज्या प्रमाणात या दोन वस्तू लागतात, त्याच प्रमाणात त्या निवळीतून मिळतात.

चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच. अशा संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या उदाहरणातील पेटीला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. म्हणजे रोज सव्वा लिटर निवळी पुरे.

मात्र सावधगिरी हवी. निवळीचा सामू बारापेक्षाही जास्त असतो, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१. निवळी एकदम ओतली, तर पेटीचा सामू उसळतो आणि पाण्यातच चुनखडीचा साका बसतो. म्हणून ती थेंब थेंब सोडतात, आणि तीही बहुधा रात्री. रात्री प्रकाश नसल्याने शैवाल कार्बन डाय ऑक्साइड वापरत नाही, त्यामुळे सामू उतरलेला असतो. निवळीने तो सावरला जातो. तळाशी बसलेला साका पेटीत घालत नाहीत, फक्त वरची स्वच्छ निवळी घेतात. भांडे झाकून ठेवतात, नाहीतर हवेतील कार्बन डाय ऑक्साइडमुळे तिच्यावर पांढरी साय धरते आणि निवळीचा जोर जातो. पानाला लावायचा किंवा भिंतीला द्यायचा चुना या कामी चालत नाही. शुद्ध चुनाच लागतो. चुना डोळ्यांना आणि त्वचेला दाहक आहे, हेही विसरू नये.

दुसरा आणि तिसरा उपाय

प्रवाळ खूप वाढले की निवळी अपुरी पडते, कारण पाणी जेवढे उडेल तेवढीच ती घालता येते. मग दोन वेगवेगळी द्रावणे वापरतात. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण आणि दुसऱ्या बाटलीत सोडियम बायकार्बोनेटचे. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा. २०० लिटर पाण्याची अल्कता एक अंशाने वाढवायला तो सुमारे ६ ग्रॅम लागतो. ही दोन द्रावणे एकाच ठिकाणी, एकाच वेळी कधीही घालत नाहीत. ती एकमेकांना भिडताच तेथेच पांढरा साका तयार होतो आणि प्रवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. शिवाय या उपायात पाण्यात थोडे थोडे साधे मीठ मागे उरते. म्हणून खारटपणाही तपासत राहावा लागतो.

तिसरा उपाय आणखी मजेदार आहे. एका बंद नळकांड्यात मेलेल्या प्रवाळांचा चुरा भरतात. त्यातून पेटीचे पाणी हळूहळू फिरवतात आणि त्यात कार्बन डाय ऑक्साइड सोडतात. आता परीक्षानळीतील प्रयोगाचा दुसरा भाग आठवा. जादा कार्बन डाय ऑक्साइड मिळाला की चुनखडी विरघळते! जुन्या प्रवाळाचे घर विरघळून पाण्यात उतरते आणि त्याच मालातून नवे प्रवाळ आपले घर बांधतात.

मॅग्नेशियमची पहारेदारी

कधी कधी असे होते, की दोन्ही वस्तू पुरेशा घातल्या तरी पाण्यात टिकत नाहीत. पंपावर आणि हीटरवर पांढरा कडक थर चढतो. पाणी तापवण्याच्या रॉडवर बोअरिंगच्या पाण्याचा थर चढतो, तसाच हा थर. असे होण्याचे एक कारण मॅग्नेशियमची कमतरता हे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. खरे पाहता उष्ण समुद्राच्या वरच्या थरातील पाण्यात चुनखडीचा माल विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्तच भरलेला असतो. तो लगेच साका होऊन बसत नाही, याचे एक मोठे कारण मॅग्नेशियम आहे. चुनखडीचा बारीक स्फटिक तयार होऊ लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर चिकटते आणि त्याची वाढ रोखते. हा पहारेदार कमी पडला, की माल प्रवाळाकडे जाण्याऐवजी हीटरवर जमतो.

कमी पडलेले भरून काढताना घाई करू नये, हा शेवटचा नियम. अल्कता दिवसाला एक अंशापेक्षा जास्त वाढवत नाहीत. उपाशी माणसाला एकदम भरपेट जेवण सोसत नाही, तसेच प्रवाळाचे आहे. आज सहा, उद्या अकरा, परवा सात, अशी अल्कता हेलकावे खाऊ लागली, तर फांद्यांची नाजूक टोके पांढरी पडून मरू शकतात. आकडा थोडा कमी असेना का, पण तो स्थिर असावा.

पेटीपासून समुद्राकडे

मित्रांनो, तुम्ही घरी प्रवाळाची पेटी ठेवावी, म्हणून हा पाठ लिहिलेला नाही. आपल्या देशात तसे करण्यास कायद्याची आडकाठी आहे. पूर्वी मन्नारच्या आखातातून प्रवाळ खणून काढीत आणि त्यांचा चुना व सिमेंट करीत. समुद्राने हजारो वर्षे बांधलेली भित्ती भट्टीत जाई. २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. वाघालाही याच अनुसूचीचे संरक्षण आहे. तेव्हा समुद्रातून प्रवाळ तोडणे, विकणे किंवा घरी आणणे हा गुन्हा आहे.

मग या सगळ्या हिशोबाचा आपल्याला उपयोग काय? उपयोग हा, की जे पेटीत घडते तेच आता समुद्रात घडू लागले आहे. कोळसा आणि पेट्रोल जाळल्यामुळे हवेत कार्बन डाय ऑक्साइड वाढला आहे. त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. बंद खोलीतील पेटीचा सामू घसरतो, तसा समुद्राचाही घसरतो आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. आकड्यातील फरक लहान वाटतो, पण सामूची मोजपट्टीच अशी आहे की एवढ्या फरकात आम्लता सुमारे पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढते. अशा पाण्यात कार्बोनेट कमी होते आणि प्रवाळाला घर बांधणे जड जाते. येथे सोडा घातला की भागले, असे नाही. कारण बिघाड कार्बन डाय ऑक्साइडने केलेला आहे.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात 'बायोस्फिअर २' नावाची एक प्रचंड काचेची वास्तू आहे. तिच्यात एक कृत्रिम समुद्र आहे. क्रिस लँगडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाण्यात या वस्तूंचे प्रमाण बदलून पाहिले. २००० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी चुनखडीच्या मालाने जितके भरलेले, तितकी प्रवाळांची बांधणी जास्त; माल कमी झाला की बांधणी मंद.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवर आणखी धाडसी प्रयोग झाला. रिबेका ऑल्ब्राइट, केन कॅल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन ट्री नावाच्या बेटाजवळ खऱ्याखुऱ्या प्रवाळभित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून अल्कता वाढवली आणि पाण्याची स्थिती औद्योगिक काळापूर्वी होती तशी केली. भित्तीची बांधणी सुमारे सात टक्क्यांनी वाढली. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याचा अर्थ काय? त्या भित्तीची गती आज आधीच कमी झालेली आहे.

पेटीतील माल संपला तर मालक निवळीचे थेंब सोडू शकतो. खोलीची खिडकी उघडू शकतो. पण समुद्राला कोण किती निवळी पाजणार? पृथ्वीला उघडायला खिडकी कोठे आहे? समुद्रासाठी खरा उपाय एकच, तो म्हणजे धूर कमी करणे. वीज जपून वापरणे, जवळच्या अंतराला पायी किंवा सायकलने जाणे, झाडे जगवणे, या गोष्टी लहान दिसतात. पण रोजची अडीच ग्रॅम चुनखडीसुद्धा लहानच दिसत होती. तिच्यातूनच बेटे उभी राहिली आहेत.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत निवळी दुधाळ झाली, की प्रयोग तेथेच संपवू नका. गुरुजींच्या देखरेखीखाली फुंकर आणखी थोडा वेळ चालू ठेवा. चुनखडी विरघळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि ती विरघळायला किती वेळ लागला, ते वहीत लिहून ठेवा.